लाकडाचं रॉकेट: उद्यमनगरातल्या पॅटर्नवाल्याची पद्धत

आमच्या शेडमध्ये जुने पॅटर्न टांगलेले असतात त्याच भिंतीवर एक फाटका लाकडी नळा टांगलाय. वरच्या कडेपासून खाली २२ सेंटिमीटर चीर गेलीय. सुरीनं कापावी तशी सरळ, पण कापलीय दोरीनं. हे माझं पहिलं रॉकेट. दुसरं धडधाकट उडालं आणि परत आलं. दोन्हींतला फरक फार मोठा नाही, एका खांद्याचा आहे, म्हणजे रॉकेटच्या नाकाचा जो भाग नळ्यात बसतो त्याचा. तो नीट समजावा म्हणून सगळी पद्धत लिहून ठेवतोय.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ३१ वर्षं मी लाकडी पॅटर्न बनवतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी वाळूत साचा लागतो, आणि साच्यासाठी आधी हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो आम्ही करतो. ओतलेलं बीड थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आकसतं, अॅल्युमिनियम १३, स्टील २०. म्हणून आमच्या मापाच्या पट्ट्याच तेवढ्या ताणून आखलेल्या असतात. धातूच्या आकसण्याचा हिशोब मला झोपेत विचारा. लाकडाच्या आकसण्याचा मात्र मी धरला नाही, तिथंच पहिलं रॉकेट गेलं.

भाची कोलोरॅडोत शिकते. तिथं हौशी लोकांचे क्लब आहेत, मोकळ्या माळावर मोठी रॉकेटं उडवतात. सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, "मामा, तिकडं बहुतेकजण पुठ्ठ्याची नाहीतर फायबरची करतात. तुम्ही लाकडात करून द्याल का?" मी म्हटलं, "बाळा, लाकूड चालतं का तुमच्या नियमात?" तिनं नियमच दाखवले. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री या तिकडच्या हौशी संघटनेच्या हाय-पॉवर, म्हणजे मोठ्या ताकदीच्या रॉकेटांच्या, सुरक्षा नियमांत कागद, लाकूड, रबर, प्लॅस्टिक, फायबरग्लास अशी हलकी सामग्रीच वापरायची असं लिहिलंय. धातू अगदी गरज पडली तर, आणि तोही तुकडे न होता वाकणारा. कारण सरळ आहे: काही बिघडलं तर त्याचे तुकडे कुणाच्या अंगात घुसू नयेत.

मोटरीबद्दल, आणि कोल्हापुरात काय करायचं नाही

मोटर म्हणजे रॉकेटला ढकलणारं, घन इंधन भरलेलं नळकांडं. मोटरींना इंग्रजी अक्षरांप्रमाणे वर्ग असतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला ताकदीची मर्यादा दुप्पट होते. जी म्हणजे ८० ते १६० न्यूटन-सेकंद, एच म्हणजे १६० ते ३२०, आय म्हणजे ३२० ते ६४०. एचपासून हाय-पॉवर. एच आणि आय उडवायला पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र लागतं आणि वय १८ पूर्ण हवं. प्रमाणपत्राच्या उड्डाणाचं रॉकेट ज्याचं त्यानं स्वतः बांधलेलं असावं लागतं, म्हणून भाचीनं ते आधीच स्वतःच्या हातच्या पुठ्ठ्याच्या रॉकेटवर घेतलं होतं. माझं लाकडी त्यानंतरचं.

अक्षरापुढचा आकडा म्हणजे सरासरी जोर. आम्ही एच १२८ धरून चाललो, म्हणजे १२८ न्यूटन, ढोबळमानानं १३ किलोचं वजन पेलणारा धक्का. जोर रॉकेटच्या वजनाच्या निदान पाचपट असावा असं धरून चालतात. आमचं रॉकेट मोटरीसकट १ किलो १४० ग्रॅम भरलं, म्हणजे अकरापटीच्या वर जोर. रेल, म्हणजे सुरुवातीला रॉकेटला सरळ धरणारी उभी पट्टी, सोडतानाच त्याला पुरेसा वेग असतो, पंखांना हवा लागते आणि ते सरळ जातं.

आता हात जोडून एक सांगतो. मोटर घरी करायची नाही. शोभेची दारू, कोळसा-सोरा, साखरेचं मिश्रण, यातलं काहीही नाही. आपल्याकडं १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम आहेत, परवान्याशिवाय असलं काही तयार करणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवा, धातूच्या बंद नळीत दारू ठासताना माणसं हात आणि डोळे गमावतात. फाउंड्रीच्या आसपास आयुष्य गेलंय माझं, ओलसर साच्यात रस पडला की काय होतं ते मी पाहिलंय. बंद जागेत वायू कोंडला की तो कुणाची ओळख ठेवत नाही. शिवाय उजळाईवाडीचा विमानतळ आपल्या एमआयडीसीला लागून आहे, वरच्या आकाशात विमानं उतरत असतात. आमच्या शेडमध्ये रॉकेट तयार होतं, मोटर कधीच येत नाही. भाचीनं येताना फक्त २९ मिलिमीटरची पुठ्ठ्याची रिकामी मोटरनळी, मोटर अडकवायचं अॅल्युमिनियमचं आट्याचं टोपण आणि रेलची दोन बटणं आणली होती. बाकी सगळं कोल्हापूरचं.

नळा

लाकूड पोखरून नळा करायचा मोह होतो. करू नका. जड होतो आणि तडकतो. नळा व्हेनियर, म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, गुंडाळून करायचा.

साचा म्हणून ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, ड्रेनेजला वापरतात तो. त्याला लांबीभर करवतीनं एक चीर पाडा आणि चिरेत लाकडाची पातळ पट्टी ठोकून बसवा. काम झाल्यावर पट्टी ओढून काढली की पाइप आत मिटतो आणि नळा अलगद सुटतो. हे मला कुणी शिकवलं नाही, कोअर बॉक्स, म्हणजे ओतीवातली पोकळी घडवायचा साचा, सोडवायची आमची सवयच तशी आहे. पाइपवर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळा, नाहीतर फेव्हिकॉल पाइपला धरतो.

व्हेनियर अर्ध्या मिलिमीटरचं, सुटं, मागं कागद न चिकटवलेलं मागा. पहिला थर रेषा लांबीच्या दिशेनं. दुसरा थर १०० मिलिमीटर रुंद पट्ट्यांचा, ४५ अंशांत तिरका. तिसरा पुन्हा लांबीच्या दिशेनं, आणि त्याचा जोड पहिल्याच्या जोडासमोर, एकावर एक नाही. मधला तिरका थर दोन कामं करतो: नळ्याला पीळ पडू देत नाही आणि वरखालच्या थरांना आडवं फुगू देत नाही. प्रत्येक थरानंतर सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून ती ताणून गुंडाळायची आणि रात्रभर ठेवायची. सकाळी ट्यूब सोडताना फटफट आवाज येतो आणि खाली गुळगुळीत लाकूड निघतं. भाचीला या कामातलं तेवढंच सर्वात आवडलं, तिसऱ्या थराला तिनं मला ट्यूबला हात लावू दिला नाही.

लांबी ९५ सेंटिमीटर, बाहेरचा व्यास ७८ मिलिमीटर. विमानात सामानाच्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरच्या आत लागते, ते धरून लांबी ठरवली. नळा आतून आणि बाहेरून सँडिंग सीलरचे तीन हात मारून बंद करा. आतून मारायला काठीला स्पंज बांधा. आतला हात लोक टाळतात, पण बाहेरून दम घेणं बंद केलेलं लाकूड आतून घेतच राहतं.

वरच्या कडेपासून २५ सेंटिमीटरवर ३ मिलिमीटरचं एक भोक पाडा. वर जाताना बाहेरची हवा विरळ होते, आतली कोंडलेली हवा नोजकोन, म्हणजे रॉकेटचं टोकदार नाक, ढकलते. त्या भोकातून ती निघून जाते.

पंख

तीन पंख, ४ मिलिमीटरच्या मरीन प्लायचे. बुडाला १८० मिलिमीटर, टोकाला ८०, बाहेर ९०. प्लायच्या वरच्या थराची रेषा नळ्यापासून बाहेरच्या दिशेनं यावी. नळ्याला समांतर ठेवली तर पंख मुळाशी मोडतो. तिन्ही एकत्र शिकंज्यात धरून एकदम घासले की जुळे होतात.

पंख नळ्याच्या अंगाला नुसते चिकटवायचे नाहीत. नळ्याला खाच पाडून आत मोटरनळीपर्यंत न्यायचे. मोटरनळी ६ मिलिमीटर प्लायच्या दोन रिंगांनी मधोमध धरलेली असते, पंखाची जीभ त्या दोन रिंगांच्या मध्ये बसते. म्हणजे पंख मोटरनळीला, नळ्याला आणि रिंगांना, तिन्हीकडं चिकटतो. इथं फेव्हिकॉल नको, सावकाश जमणारं अराल्डाइट वापरा, मोटरीची ऊब ते सहन करतं.

मग बाहेरच्या कोपऱ्यात फिलेट. पॅटर्नच्या आतल्या कोपऱ्यात आम्ही गोलाई देतो, कारण धारदार कोपऱ्यात ओतीव तडकतं. पंखाचंही तसंच, धारदार कोपऱ्यात ताण साठतो. अराल्डाइटमध्ये सागवानाचा बारीक भुसा कालवून श्रीखंडाइतकं घट्ट करा, कोपऱ्यात भरा, २५ पैशाच्या जुन्या नाण्याची कड ओढत न्या. एका ओढीत झाली तरच फिलेट सुरेख येते, परत परत ओढली की चरे पडतात.

नोजकोन, आणि त्याचा खांदा

आता मुख्य गोष्ट.

पहिल्या रॉकेटचा नोजकोन मी सागवानाचा केला, श्रावणात. कोल्हापूरचा श्रावण तुम्हाला माहीत आहे, शेडमधल्या लाकडाच्या ढिगाला हात लावला तरी गार ओल लागते. लेथवर सुंदर उतरला. नळ्यात जाणारा त्याचा खांदा मी इतका नेमका केला की तो आत सरकताना हवा बाहेर पडल्याचा हलका सुस्कारा यायचा. शेडमधल्या पोरांना बोलावून मी तो आवाज ऐकवला होता. खोक्यात भरून दिलं.

कोलोरॅडोची हवा कोरडी. महिन्याभरात खांदा आकसला. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडवं आकसतं. आडव्यातही वर्षवलयांच्या कडेनं जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मं गाभ्याच्या दिशेनं. म्हणून गोल उतरवलेला खांदा लहान तर झालाच, शिवाय लंबगोल झाला. भाचीला तो थोडा सैल वाटला, पण मामांनी केलंय म्हणून तिनं तसाच ठेवला. हे तिनं मला नंतर सांगितलं आणि मला फार लागलं.

उड्डाणात काय झालं ते व्हिडिओत दिसतं. मोटर विझली. त्या क्षणी पंख असलेलं मागचं अंग हवेत अडतं, झपाट्यानं मंदावतं. जड सागवानी नोजकोन मात्र आपल्या वेगात पुढं निघतो. खांदा सैल, त्यामुळं धरायला काहीच नाही. नोजकोन सुटला, आत घडी करून ठेवलेली छत्री, म्हणजे पॅराशूट, बाहेर आली, तीही रॉकेट पूर्ण वेगात असताना. छत्रीनं नळ्याला बांधलेली दोरी मागं खेचली आणि दोरीनं नळ्याची कड फाडत खाली आणली. २२ सेंटिमीटर.

दुसऱ्या वेळी चार गोष्टी बदलल्या.

काम होळीनंतर काढलं आणि वळवाचा पहिला पाऊस पडायच्या आत संपवलं. कोल्हापुरात लाकूड सर्वात कोरडं असतं ते याच दिवसांत.

नोजकोनला सागवान सोडून पांगारा घेतला. पांगारा मऊ आणि हलका, लेथवर गोल पटाशी लावली की लोण्यासारखा उतरतो, फक्त पटाशीला धार हवी, नाहीतर केस उठतात. लांबी २६० मिलिमीटर, आतून कोरून काढलेला, वजन १३० ग्रॅम.

खांदा अख्ख्या लाकडाचा केलाच नाही. प्लायच्या चकत्या एकावर एक चिकटवल्या, प्रत्येक चकती आधीच्या चकतीच्या तुलनेत थोडी फिरवून, आणि तो गठ्ठा लेथवर उतरवला. प्लायमध्ये आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळं चकती आपल्या पातळीत जवळजवळ आकसत नाही. पांगाऱ्याच्या शंकूतून एक लाकडी खुंटी खाली आणून चकत्यांत चिकटवली. खांद्याची लांबी नळ्याच्या व्यासाएवढी, ७५ मिलिमीटर. याहून आखूड ठेवला तर नोजकोन डुगडुगतो.

चौथं, खांद्याला ड्राफ्ट दिला. वाळूतून पॅटर्न उचलताना साचा ढासळू नये म्हणून आम्ही पॅटर्नच्या उभ्या बाजूंना बारीक उतार देतो. खांदाही वरच्या बाजूला ७४.६ आणि खालच्या टोकाला ७४.३ मिलिमीटर केला. एकदा हलला की पुढं कुठं अडकत नाही. नेमका घट्टपणा लाकडात शोधायचा नाही, तो मास्किंग टेपच्या वेढ्यांनी आणायचा, आणि उडवण्याच्या दिवशी, उडवण्याच्या जागी. नोजकोन धरून रॉकेट उचललं तर नळा खाली पडता कामा नये. हलकासा झटका दिला की मात्र सुटला पाहिजे. नाही सुटला तर टेपचा एक वेढा काढा, आपोआप सुटला तर एक चढवा.

याची चाचणी कोल्हापुरात करता येते. छत्री, दोरी, नोजकोन सगळं भरून रॉकेट आडवं ठेवलं, मोटरनळीत भोकाचं रबरी बूच बसवलं आणि कॉम्प्रेसरच्या गनचा एक छोटा फुत्कार सोडला. समोर पोत्यांचा ढीग, आणि समोरच्या बाजूला माणूस नाही. नोजकोन 'पॉक्' करून सुटला आणि छत्रीला सोबत घेऊन पोत्यांवर पडला. दहा वेळा केलं, दहाही वेळा सुटला, तेव्हा हात धुतले.

तोल

दाबमध्य म्हणजे जिथं हवेचा सगळा जोर एकवटल्यासारखा लागतो तो बिंदू. मोटर जागेवर असताना रॉकेटचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबमध्याच्या पुढं, म्हणजे नाकाच्या बाजूला, निदान एका व्यासाएवढा हवा. मागं गेला तर रॉकेट हवेत उलटतं. दाबमध्य ओपनरॉकेट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मापं भरली की मिळतो. आमचा टोकापासून ९३ सेंटिमीटरवर आला. गुरुत्वमध्य मात्र सॉफ्टवेअरचा मानू नका. मोटरीच्या वजनाचा लाकडी ठोकळा आत घाला, छत्री भरा, रंगही दिलेला असू दे, आणि पट्टीच्या धारेवर रॉकेट तोलून खूण करा. आमचा ८०.५ सेंटिमीटरवर आला. साडेबारा सेंटिमीटरचं अंतर, म्हणजे १.६ व्यास. उत्तम.

छत्री ९० सेंटिमीटरची, नायलॉनची, शिवाजी पेठेतल्या एका शिवणवाल्या ताईंनी शिवून दिली. एवढ्या वजनाला ती सेकंदाला साधारण सहा ते सात मीटरनं खाली आणते. मोटर छत्री फेकायला गरम वायू सोडते, म्हणून छत्रीभोवती आगरोधक कापडाचा चौकोन हवाच. दोरी रॉकेटच्या लांबीच्या तिप्पट घ्या, आखूड दोरीला झटका बसतो. आणि नळ्याच्या वरच्या कडेला आतून अराल्डाइट चोळून ती कड दगडासारखी करा. ही पाचवी सुधारणा, भिंतीवरच्या चिरेकडं बघून सुचलेली.

उड्डाण

एप्रिलचा शनिवार. तिकडं सकाळ, आमच्याकडं रात्रीचे साडेनऊ. शेडमध्ये मी, दोन पोरं आणि टेबलावर उभा केलेला फोन. क्लबच्या सुरक्षा अधिकाऱ्यानं आधी रॉकेट तपासलं. प्रत्येक पंख धरून हलवला, नोजकोन ओढून बघितला, तोल कुठं आहे विचारलं. भाचीनं मास्किंग टेपचा एक वेढा त्याच्यासमोर वाढवला. मोटर विझल्यापासून छत्री फेकेपर्यंतचा विलंब तिनं १० सेकंदांवरून ८ वर आणला होता, कारण सॉफ्टवेअरप्रमाणे मोटर विझल्यापासून शिखर गाठायला तेवढाच वेळ लागत होता.

रेल सहा फुटांची, सरळ उभी. नियमानं ती उभ्यापासून २० अंशांपेक्षा जास्त कलवता येत नाही आणि वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर असेल तर उडवायचं नाही. एचला माणसं निदान १०० फूट लांब. पेटवणं विजेच्या तारेनं, लांबून, आणि पाच सेकंद मोठ्यानं मोजून. बटण दाबून पेटलं नाही तर ६० सेकंद कुणी जवळ जायचं नाही. हे सगळं भाची फोनवर मला सांगत होती आणि मी पोरांना सांगत होतो.

मग मोजणी झाली. पांढरा धूर आला, आवाज नंतर. फोनच्या पडद्यावर रॉकेट दिसलंच नाही, नुसती वर गेलेली धुराची काठी. मोटर विझली. मी श्वास धरला होता, कारण मागच्या वेळी नोजकोन इथंच सुटला होता. भाची मोजत होती, "चार... पाच... सहा..." आठाच्या पुढं कुणीतरी ओरडलं आणि तिनं फोन वर केला. निळ्या आकाशात आमची केशरी छत्री.

अल्टिमीटरनं ४६१ मीटर दाखवले. रॉकेट गवतात पडलं होतं, एका पंखाच्या टोकाचा रंग तेवढा खरवडला. तिनं तिथंच नोजकोन काढला आणि सोबत नेलेल्या व्हर्नियरनं खांद्याचा वरचा व्यास मोजला, एकदा उभा, एकदा आडवा. दोन्ही वेळा ७४.६. मग फोन नळ्याच्या तोंडाशी नेला, कड दाखवली आणि म्हणाली, "बघा मामा, ओरखडासुद्धा नाही."